कावळ्याला दिलेला शब्द

सुधाकर, तुझ्या पिंडाला कावळा शिवला आणि तेव्हापासून मी या घरात अडकून पडले आहे.

तुझा दहावा गावी केला, दारणेच्या काठावर. मला नाशकातच करायचा होता, पण भास्कर भाऊजी अडून बसले. "दादा पोटासाठी नाशकाला गेला, वयनी. पन त्यो हितलाच हाय," असं म्हणताना तुझ्या धाकट्या भावाचा आवाज फुटला आणि मी हो म्हटलं. घोटीपासून तुमच्या गावापर्यंत सगळीकडे भातं कापून झाली होती. घाटावर पत्र्याची शेड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि माइक. आपल्याकडे दहाव्याला माइक आला की भाषणं आलीच. सातपूरच्या कंपनीतला तुझा जोडीदार बोलला, त्याने निदान लेथवरच्या तुझ्या हाताचं नाव काढलं. बाकीच्यांनी तुला कष्टाळू, मनमिळाऊ आणि निर्व्यसनी करून टाकलं. एका पुढाऱ्याने तुझ्या 'परदेश दौऱ्यां'चा उल्लेख केला आणि लेकीने आईबापांना जग दाखवलं, अशी लेक प्रत्येकाच्या पोटी यावी, असं म्हणून हात जोडले.

केतकी माझ्या शेजारीच बसली होती. रडता रडता ती माझ्या कानाशी म्हणाली, "आई, मी कुठे दाखवलं? मी तर तुम्ही जाऊ नये म्हणून पुण्याहून भांडायला आले होते."

मी उठले होते, खरंच. माइक हातात घेऊन सांगणार होते की हा माणूस स्वतःच्या फंडावर, स्वतःच्या अकलेने गेला आणि बायकोला बरोबर घेऊन गेला. पण आपल्या लेकीने माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

मग सगळे नदीकडे उतरलो. दर्भावर पिंड ठेवला. शेजारी पानात तुझ्या आवडीचं म्हणून भजी, वडे, शिरा आणि, आत्ताच माइकवर निर्व्यसनी ठरलेल्या तुझ्यासाठी, तंबाखूची पुडी. मी भाऊजींना म्हटलं, "यांनी तंबाखू सोडली होती." ते माझ्याकडे बघतच राहिले. "दादानं? तंबाखू? कवा?" तू व्हिएतनाममध्ये सोडलीस, कारण तिथे तुझी ती पुडी मिळेना आणि तिथल्या बांबूच्या नळीतली ओढून तुला चक्कर आली, हे त्यांना त्या वेळी कसं सांगणार? पुडी तशीच राहिली.

कावळा बाभळीवर बसून होता, खाली येईना. गुरुजींचा माणूस कुत्री हाकलायला काठी घेऊन पिंडाशेजारी उभा होता. एकेक जण पुढे येऊन तुला शब्द देऊ लागला. केतकीला अंतर देणार नाही. बांधावरून भांडणार नाही. सामाईक विहिरीचं बघू. तू नेहमीसारखा ढिम्म. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, तेव्हा भाऊजी पुढे झाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"दादा, वयनीची काळजी करू नको. आता वयनीला कुठंच जाऊ देनार नाय. ते परदेस-बिरदेस बास. वरीसभर घर सोडू देनार नाय आन् म्होरंबी आमच्या नजरंसमोर ठिवू. भास्करचा शबुद हाय तुला."

आणि कावळा उतरला.

मी बघत होते म्हणून सांगते. शेडमध्ये चहा आला होता आणि काठीवाला तेवढ्यात तिकडे वळला होता. कावळ्याने भजं उचललं, जाता जाता पिंडाला चोच लावली न लावली. पण एवढं कोण बघतो? सगळ्यांनी हात जोडले, बायका हुंदके द्यायला लागल्या. "दादाचा जीव वयनीत आडकला व्हता बघा," कुणीतरी म्हणालं आणि तेवढ्यावर माझं पुढचं आयुष्य ठरून गेलं. माझ्या बांगड्यांना मी कुणाला हात लावू दिला नाही, त्यासाठी सकाळपासून मनाची तयारी केली होती. या बाजूने हल्ला होईल असं वाटलंच नव्हतं.

तेव्हापासून रोज कुणी ना कुणी येतं आणि मला तुझी इच्छा समजावून सांगतं. कपाटात आपली चैत्रातली दोन विमानाची तिकिटं आहेत, परदेशातल्या कुताइसीची, तिथल्या आपल्या घरमालकिणीकडे, नानाकडे जायची. तुला आणि मला तिकडे जायचं होतं, नाशकात उन्हाचे चटके असह्य व्हायच्या आत. केतकीसुद्धा म्हणते, "आई, वर्षभर थांब ना. बाबांसाठी." बाबांसाठी! तुझ्यासाठी मी आयुष्यभर काय काय थांबवलं आणि शेवटी तूच मला कशी चालती केलीस, हे या पोरीला ठाऊक नाही.

त्या सकाळी तू काय म्हणालास ते तुला आठवतं का? तुला निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. मी कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतली आपली खानावळ आवरत होते, सुरगाणा-पेठकडच्या मुलांचे डबे भरत होते. तू दारात उभा राहून म्हणालास, "आपण जरा लांब जाऊन राहू या."

मी म्हटलं, "वणीला?"

"नाही. अजून पुढे."

तू कधीच नीट सांगायचा नाहीस. पुढे म्हणजे किती, ते मला पासपोर्टच्या रांगेत उभी राहिल्यावर कळलं. टोप्या घालून टूरवाल्याच्या झेंड्यामागे पळायचं नाही, एकाच जागी खोली घ्यायची, भाजी आणायची, कपडे वाळत घालायचे, तिथल्या माणसांसारखं राहायचं. "आयुष्यभर कंपनीच्या भोंग्यावर उठलो," तू म्हणालास, "आता जिथं आपल्यासाठी कुठलाच भोंगा नाही अशा गावात उठून बघायचंय." मी तुला वेडा म्हटलं. मग खानावळ बंद केली. आपल्या आळीने आपल्या दोघांनाही वेडं म्हटलं.

परदेशी राहणं म्हणजे काय, ते त्या माइकवाल्याला कुणीतरी सांगायला हवं. दौरा म्हणे! पहिल्याच विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने आपल्याला बाजूला घेतलं, कारण परतीचं तिकीट इतक्या लांबचं कसं, हे तिला पटेना. मग तिकडच्या साहेबाने विचारलं, काम काय? तू म्हणालास, "फिरणे." पैसे कोण देतं? "मी." मुलगा असतो तिकडे? "नाही." मग का आलात? तुझं इंग्रजी तिथे संपलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी खानावळीतल्या उधारीवाल्या पोरांना दम भरायचे तो आवाज काढून म्हटलं, "व्हाय नॉट?" त्याने शिक्का मारला. नंतर तू ही गोष्ट सगळ्यांना सांगत सुटलास आणि दर वेळी माझा आवाज मोठा होत गेला.

आणि माझा तो छोटा कुकर! तो नको म्हणून तू दर वेळी भांडायचास आणि दर वेळी तुझ्याच पिशवीत तो जायचा. तपासणीवाल्याने तो बाहेर काढून उलटा केला, वास घेतला, आणखी दोघांना बोलावलं. मी तोंडाने शिट्टी वाजवून दाखवली. तू चार पावलं मागे सरकून ही बाई आपली नव्हेच असा चेहरा केलास. रात्री त्यातलाच गरम भात मात्र तू दोनदा मागून घेतलास.

कपडे खोलीतच वाळवायचे. खिडकीपासून कपाटापर्यंत परकराच्या नाडीची दोरी. त्या दोरीखालून वाकून जाता जाता तुझी कंबर धरली. वॉशिंग मशीनवरची अक्षरं कुठल्या बाजूने वाचायची तेही कळायचं नाही, तुझा लोकरी स्वेटर केतकीच्या लहानपणीच्या मापाचा होऊन बाहेर आला. रक्तदाबाच्या गोळ्या संपत आल्या की औषधाची दुकानं शोधत फिरायचं. औषधवाल्याला दम लागल्याचं सोंग करून दाखवावं लागायचं आणि तो तुला खोकल्याचं औषध द्यायचा. सिमकार्ड बंद पडायचं, खोलीची मुदत संपायची, की पुन्हा बोजा बांधा. दोन माणसं एका खोलीत महिनोन्‌महिने, तिसरं बोलायला कुणी नाही. तुझं घोरणं मला नाशकात इतकं कधी ऐकू आलं नव्हतं. एकदा तर मी तुझ्याशी दोन दिवस बोलले नाही आणि मग माझ्या लक्षात आलं की मग बोलायचं कुणाशी?

पण सोमवारी, माझ्या उपासाच्या दिवशी, त्या व्हिएतनामी गल्लीत एक बाई टोपलीत उकडलेली रताळी आणि शेंगा घेऊन यायची. मी उपास कसा करायचा या काळजीत होते आणि माझा उपास रस्त्यावर विकायला बसला होता. पुढे पुढे ती सोमवारी आपल्या दारासमोर थांबायला लागली. तिला सोमवार कसा कळला, ते आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

तिथलीच, व्हिएतनाममधल्या निन्ह बिन्हची, ती खाचरं तुला आठवत असतील. थंडीत आवणी, भाताची लावणी, चालली होती. रस्त्याच्या कडेला उभं राहून तू आधी नुसती नावं ठेवलीस. रोपांची चूड फार दाट लावतायत, पाणी जास्त ठेवलंय, आपल्याकडे असं करत नाहीत. मी म्हटलं, "मग सांगा की त्यांना." आणि तू चक्क चपला काढल्यास, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीस आणि चिखलात उतरलास. ती बायामाणसं आधी घाबरली, मग खो खो हसायला लागली. तुला रोपांची जुडी दिली. कंपनीत गेल्यापासून तू आवणीला हात लावला नव्हतास, पण तुझी ओळ सरळ आली. मग दुपारी त्यांनी आपल्याला जेवायला बसवलं. एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि तू त्या म्हाताऱ्याशी पावसाबद्दल तासभर बोललास, तोही त्याच्या भाषेत तुझ्याशी तासभर बोलला. संध्याकाळी खोलीवर येऊन तू नखातला चिखल काढत बसलास. मी साबण दिला तर म्हणालास, "राहू दे जरा." तुला इतकं खूश मी केतकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. तुझ्या भावाला ही गोष्ट सांगायला हवी होती. गावची खाचरं सोडून गेला म्हणून ते तुझ्यावर कायम थोडे रागावलेले असायचे.

आता हे 'तू'. आपण नाशकातून निघालो तेव्हा मी तुला 'अहो' म्हणत होते, जसं लग्नापासून म्हणत आले. व्हिएतनामनंतर कुताइसीला निघालो, तेव्हा तिबिलिसीच्या त्या गाड्यांच्या अड्ड्यावर तू नेहमीप्रमाणे चार पावलं पुढे चालत होतास आणि भलत्याच गाडीत बसायला निघालास. मी ओरडले, "अहो! अहो!" त्या गोंगाटात तुला काही ऐकूच गेलं नाही. गाडीचं दार सरकायला लागलं. मग माझ्या तोंडून बाहेर पडलं, "सुधाकर! अरे, थांब!" सगळा अड्डा वळून बघायला लागला. तूही वळलास. मला वाटलं रागावशील. तू गाडीतून उतरून आलास, बॅग खाली ठेवलीस आणि म्हणालास, "पुन्हा म्हण." माझे कान तापले. पण मी पुन्हा म्हटलं. त्यानंतर तिकडे मी तुला 'अहो' म्हटलं नाही आणि इकडे येताना सोसायटीच्या फाटकाशी पोचेपर्यंत नाव घेत राहिले.

कुताइसीची आपली घरमालकीण नाना. बाईमाणसाला नाना म्हणतात हे ऐकून तू पहिले आठ दिवस तिच्यासमोर सरळ तोंडाने उभा राहू शकला नाहीस, तुला तुझे काका आठवायचे. तिच्या अंगणात पानं झडून गेलेल्या झाडावर केशरी फळं लोंबायची आणि ती रोज सकाळी आपल्या पायरीवर चार ठेवून जायची. तिथेच एक दिवस मी सांगून टाकलं की मी थकले, आजपासून मी रांधणार नाही. खानावळीत इतकी वर्षं पोरांना वाढलं, आता कुणीतरी मला वाढा. तू बाहेर गेलास आणि मक्याचं पीठ घेऊन आलास. पहिली भाकरी तव्याला चिकटली, दुसरी फाटली. नाना खिडकीतून बघत होती. ती आत आली आणि तुझ्या हातातलं पीठ घेऊन तिच्या पद्धतीने जाडजूड थापून दाखवली. मग तुम्ही दोघं आपापली भाकरी कशी खरी यावर हातवारे करून वाद घालत बसलात आणि मी खुर्चीत पाय वर घेऊन गरम भाकरीची वाट बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदा, सुधाकर. माझ्या आईलाही असं बसायला मिळालं नव्हतं. त्या एका दुपारसाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे, आणि हे तुला तोंडावर कधीच सांगितलं नाही. तुला चढून बसायला वेळ लागला नसता.

तू गेल्याचं मी नानाला कळवलं. फोनमधल्या त्या भाषांतराच्या सोयीने तिचा निरोप मराठीत आला, "तुमचा नवरा बंद पडला हे ऐकून मला खूप दुःख आहे." मी किती दिवसांनी हसले! सगळा जन्म मशीनवर काढलेल्या माणसाला याहून चांगला शब्द कुणी दिला नसता. पुढे तिने लिहिलं होतं, "खोली तुझीच आहे. तो माझ्या अंगणातला माणूस होता. आम्ही टेबल लावून त्याच्यासाठी पिऊ. ये." आणि मग मी हसता हसता जी रडायला लागले ती केतकीने येऊन पाणी दिलं तरी थांबले नाही.

त्या दिवशी मी ठरवलं. पण माझं ठरून काय उपयोग? समोर कावळा होता.

गेल्या रविवारी भाऊजी आले, नवा तांदूळ घेऊन. वर्षश्राद्धाचं बोलायला. बरोबर आणखी दोन-तीन वडीलधारे. केतकीही आलेली होती. चहा झाला. मग भाऊजींनी विषय काढला. "वयनी, तिकिटं रद्द केली का?"

"नाही."

"आवो, दादानं ऐकलं, कावळा शिवला. आता काय बोलायचं ऱ्हायलं?"

मी म्हटलं, "भाऊजी, कावळ्याला शब्द कुणी दिला?"

"मी."

"मला विचारून दिलात?"

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मग तुमचा शब्द तुम्ही पाळा. वर्षभर तुम्ही घर सोडू नका. घोटीच्या बाजारालाही जाऊ नका. दादासाठी."

केतकीच्या हातातली बशी वाजली. वडीलधाऱ्यांपैकी एक जण खोकला. भाऊजी आधी लाल झाले, मग त्यांचा चेहरा असा काही झाला की मला त्यांची दया आली. तो मघाचा दटावणारा दीर नव्हता, भाऊ गेलेला माणूस होता. ते म्हणाले, "वयनी, मला लय भ्याव वाटतं. दादा नाय, आन् तुमी त्या मुलखात एकल्या. तुमाला काय झालं तर मी दादाला काय सांगू?"

मी म्हटलं, "सांगा, वहिनी ऐकत नव्हती. त्यांना ठाऊक आहे." आणि मग मी त्यांना निन्ह बिन्हची खाचरं सांगितली, चपला काढल्यापासून नखातल्या चिखलापर्यंत. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "वळ सरळ आली का दादाची?" मी म्हटलं, "एकदम सरळ." ते आणलेल्या तांदळाच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधू लागले. जाताना 'जा' म्हणाले नाहीत. पण रद्द करा असंही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शरणपूर रोडवर तिकीटवाल्याकडे गेले. पोरगा चांगला आहे, तुझा फोटो पेपरात बघून त्याने दुकान सोडून दहाव्याला यायची तयारी केली होती. तो कंप्यूटरकडे बघत हळूच म्हणाला, "काकू, दोन्ही रद्द ना?"

"एक," मी म्हटलं. मला वाटलं होतं हा शब्द मी ठणकावून म्हणेन. तो इतका हळू निघाला की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

आता तुझ्याशी शेवटचं बोलायचं ते हे. भाऊजी आणि केतकी यांना मी एक गोष्ट सांगितलेली नाही. कावळा शिवल्यापासून मी तुझं एखादं वाक्य शोधत होते. मी गेलो तरी तू फिर, असं काहीतरी. सापडलं असतं तर मी ते सगळ्यांच्या तोंडावर फेकणार होते, तुमचा कावळा खोटा, माझा नवरा खरा. इतक्या गप्पा मारल्या आपण, बाकावर, बसमध्ये, त्या नाडीच्या दोरीखाली. कुठेतरी तू म्हणाला असशीलच. मी सगळं उलथंपालथं केलं. आणि जे सापडलं ते भलतंच.

मी बाजाराला एकटी गेले होते तो दिवस. कुताइसीत. चुकीच्या बसमध्ये बसले आणि गावाबाहेर जाऊन पोचले. हिरव्या मिरच्या घेऊन, दोनदा बस बदलून, मजेत परत आले. दुपार उलटून गेली होती. तू पायरीवर बसला होतास, चेहरा पांढराफटक. नाना शेजारी उभी होती. मला बघून तू उठलास. मग माझा हात धरलास आणि म्हणालास, "मी नसेन तेव्हा तू एकटीने कुठे जायचं नाही. बाजाराला नाही, परदेशाला तर नाहीच. शैला, मला शब्द दे."

मी म्हटलं, "आधी चहा टाक." तू चहा टाकलास. विषय तिथेच राहिला.

म्हणजे तुझ्या भावाने तुला बरोबर ओळखलं. कावळा भज्यासाठी आला असेल, पण नदीकाठी भाऊजी जे बोलले ते तुझ्याच मनातलं होतं. तू खरंच घाबरायचास. माझ्यासाठी घाबरायचास, हे मला त्या पायरीवर कळलं आणि तेव्हा किती गोड वाटलं होतं! तू गेल्यावर तेच वाक्य माझ्या दारात आडवं पडलं आणि ते गोड आहे म्हणून मला ओलांडता येईना. आठवडाभर येईना.

मग भाऊजी यायच्या आधी एका सकाळी भाजी निवडता निवडता मला माझाच संताप आला. मी हे काय चालवलं होतं? कावळ्याची परवानगी नको म्हणून तुझी शोधत बसले होते. तुझी मिळाली नाही तर कुणाची शोधणार होते? व्हाय नॉट म्हणताना मी कुणाला विचारलं होतं?

मी जाणार आहे, सुधाकर. तुझी इच्छा होती असं मी कुणाला सांगणार नाही, कारण ती नव्हती. मी तो शब्द तेव्हा दिला नाही आणि आताही देणार नाही. मी चुकीच्या बसमध्ये बसणार, औषधवाल्यासमोर सोंगं करणार, विमानतळावरच्या साहेबाने कुणाबरोबर आलात विचारलं तर एकटी म्हणून सांगणार आणि बहुतेक त्याच्या काउंटरवरच रडणार. नानाच्या टेबलावर तुझं नाव घेऊन जो पेला वर करतील तो मी पिणार. तुला काळजी वाटेल. वाटू दे. मला चार पावलं मागे टाकून तू एवढ्या लांब निघून गेलास तेव्हा माझ्या काळजीचं तू काय केलंस?

तू म्हणशील, शैला, हा निव्वळ हट्ट आहे. म्हण की. समोर बस, कुकर नको म्हणून ओरडायचास तसा ओरड, दोन दिवस अबोला धर. माझी सगळी उत्तरं तयार आहेत. लग्नापासून आजपर्यंत इतक्या नेटाने मी कुठल्याच भांडणाची तयारी केली नव्हती. आणि हेच एक भांडण तू अर्धं टाकून गेलास. याचा मला तुझा फार राग येतो, आणि तो राग बरोबर घेऊनच मी निघाले आहे.